चार बोटं की दोन

"चार! चार दाबली मी, चार! दोन कुठनं काढलीस रं थापाड्या?"

तू ओरडत होतास, कॅमेरा चालू होता आणि आपल्या दोघांच्या हातांवर अजून टॉवेल तसाच होता. तुझ्या आवाजानं दुकानाच्या पत्र्यावरची कबुतरं उडाली ती थेट कराडात जाऊन उतरली. बरं, समोरच्या चहाच्या टपरीवर उतरली. तू नाहीस, त्यामुळं माझं वाढवलेलं मलाच छाटावं लागतंय, पारीस.

"पंजा माझा हाय," मी म्हणालो. "माझ्या पंज्याला किती लागली ते मला कळंना व्हय? दोन लागली."

"अरं, अंगठा सोडून सगळी दाबली की!"

"मग दोन बोटं वाटंत इस्लामपूरला उतरली असतील."

तू हसला नाहीस. एरवी हसतोस. टॉवेल बाजूला फेकलास, आपल्या डाव्या हाताकडं बघितलंस, मूठ उघडलीस, मिटलीस. मी कॅमेऱ्याकडं वळून सगळ्या महाराष्ट्राला सांगून टाकलं, "मंडळी, पारीसरावांनी या गेमच्या मशीनला पाचात दोनच गुण दिल्यात. आणि आता लाजत्यात."

तुला जाऊन बावीस दिवस झाले. ते भांडण अजून मिटलेलं नाही. कुणाशी मिटवू?

ही टॉवेलाची रीत माझ्या वडिलांची, पण ती आपल्या कामात आणलीस तू. वडील आटपाडीच्या बाजारात शेळ्यामेंढ्यांची दलाली करायचे. तिथं भाव तोंडानं बोलत नाहीत. दोघं रुमालाखाली हात घालतात, एकमेकांच्या पंज्यात बोटं दाबून आकडा सांगतात आणि तोंडावर असा भाव ठेवतात की जसं काय दोघं पावसाची चौकशी करताहेत. आपण गेमची मशीनं तपासून त्यांचे व्हिडिओ टाकायला लागलो तेव्हा पहिल्या तीन भागांत आपली हाणामारीच झाली. मी म्हणायचो साडेचार, की तू मुद्दाम अडीचवर यायचास. तू अडीच म्हणालास की मी पाचावर जायचो. मग तूच म्हणालास, "तुझ्या आबांचा रुमाल काढ. तोंड मिटून बोटं दाबायची. मग न्हाई तुला वाढवता येत आणि न्हाई मला कमी करता येत."

तू माझ्या उजवीकडं बसायचास. म्हणून टॉवेलाखाली कायम तुझा डावा हात आणि माझा उजवा. सहा वर्षं. एवढा काळ तर मी माझ्या बायकोचा हात धरलेला नाही. हे मात्र छाटायची गरज नाही, तिला विचार.

लोकांना आपली जोडी का आवडायची, हे मला तू गेल्यावर कळालं. त्यांना मी आवडत नव्हतो. मी हायवेकडेचा टीव्ही दुरुस्त करणारा, तोंडाचा पट्टा सुटलेला. मी सांगायचो, "या मशीनचा पंखा लागला आणि शेजारच्या गोठ्यातल्या म्हशीनं दूध चढवलं!" आणि तू, सांगलीत हळदीच्या अडतीवर पिढ्यान्‌पिढ्या बसलेल्या घरातला, चष्मा वर करून हळूच म्हणायचास, "म्हैस भाकड हाय. पण पंखा वाजतोय." लोक त्या दुसऱ्या वाक्यासाठी थांबायचे. मी म्हणालो होतो की जुन्या मशीनच्या पाठीवर आपण उडदाचा पापड भाजला. तू म्हणालास, "पापड कोमट झाला." तेवढ्यावर लोकांनी मशीन घ्यायचं की नाही ते ठरवलं. तू खोटं बोलत नाहीस हे मला डिप्लोमाच्या वर्गात पहिल्याच आठवड्यात कळलं होतं. सरांनी विचारलं, ही सर्किटची वही कुणाची बघून लिहिली, तर सगळे गप्प आणि तू उभा राहून माझ्याकडं बोट दाखवलंस. "ह्याची. पण ह्याची बी चुकीची हाय," असं म्हणालास. तिथून दोस्ती.

आपल्या परीक्षाही आपल्याच होत्या. शहरातले लोक थंडगार खोलीत मशीन लावून चित्र किती झकास ते सांगतात. आपण ते आटपाडीला माझ्या चुलत्याच्या पत्र्याच्या खोलीत उन्हाळ्याच्या दुपारी चालवायचो. फलटणला तुझ्या मेहुण्याच्या मळ्यात नेऊन लावायचो, जिथं विहिरीवरची मोटर सुरू झाली की घरातले दिवे लिंबाएवढे पिवळे होतात. आणि शेवटी उंब्रजला माझ्या दुकानात, हायवेच्या धुळीत, आठ दिवस. एवढं सोसून जे मशीन उभं राहील, त्यालाच टॉवेल. आणि दिवस मावळायच्या आत सगळं आटपायचं, कारण तुझं जेवण सूर्य असेतोवर. किती व्हिडिओंच्या शेवटी तू डबा उघडलायस आणि मी मागं बडबडतोय. तुझ्या डब्यातली भाजी कांदा-लसणाशिवाय अशी लागायची की मी कांदाच सोडणार होतो. सोडला नाही.

तर ते नवं मशीन आलं. बाजारात उतरलं त्याच आठवड्यात आपण ते आणलं. तुला आठवतंय, खोक्यातून काढल्यावर तू ते दोन्ही हातांवर घेतलंस आणि लग्नात नवरीचा दागिना बघतात तसं फिरवून फिरवून बघितलंस? देखणं होतं. आटपाडीत चार तास तापलं, हूं की चूं नाही. पंखा इतका गप्प की मी दोनदा पाठीला कान लावला. फलटणला दिवे पिवळे झाले तरी मशीन बंद पडलं नाही. मी तर प्रेमातच पडलो. मनात पाच गुण देऊन ठेवले होते.

उंब्रजला तू शेतीचा गेम लावलास. ट्रॅक्टरनं नांगरायचं, पेरायचं, ऊस लावायचा. तुला तो लय आवडायचा. तुमच्या घरचा ऊस, पण तुला खऱ्या ट्रॅक्टरवर तुझ्या वडिलांनी कधी बसू दिलं नाही, त्याची सगळी हौस तू या गेमवर फेडलीस. तुझ्या सऱ्या म्हणजे फूटपट्टी. मी म्हणायचो, पारीसनं नांगरलेल्या रानात सुतारकाम शिकवत्यात.

आणि त्या दिवशी तुझी सरी वाकडी गेली.

पहिली गेली तेव्हा तू पुसून परत धरलीस. दुसरी पण डावीकडं. अर्ध्या रानापर्यंत सरळ आणि मग हळूहळू बांधाकडं. तिसऱ्याला तू कंट्रोलर खाली ठेवलास.

"हितं घोळ हाय," तू म्हणालास. "डाव्या अंगठ्याखालची दांडी आपोआप सरकालीया. मी सरळ धरतोय आणि ट्रॅक्टर डावीकडं ओढ घ्यालाय."

मी कंट्रोलर घेतला. माझी सरी सरळ गेली. वाकडी असली तरी माझ्या नेहमीच्या वाकडेपणानं, दोन्हीकडं सारखी. परत तुला दिला. परत डावीकडं.

पारीस, इथं थांबतो मी रोज. या बावीस दिवसांत रोज इथं येऊन थांबतो. तुझ्या हातात वाकडं, माझ्या हातात सरळ, परत तुझ्या हातात वाकडं. दुकानात टीव्ही आला की मी पहिल्यांदा काय करतो? दुसऱ्या प्लगात लावून बघतो. दुसऱ्या प्लगात चालला तर टीव्ही चांगला, दोष प्लगात. वीस वर्षं हेच करून पोट भरलं. आणि त्या दिवशी मी काय म्हणालो?

"ह्यो लाजरा दोष हाय," मी म्हणालो. "येतो-जातो. तुझा हात गरम असतो, माझा गार. गरम हाताला दांडी ढिली पडत असंल."

तू मान हलवलीस. तुला पटलं नव्हतं, पण सरी तर वाकडी दिसत होती आणि तू जे दिसतं ते सांगणारा. आणि मी? मी तुझ्यावर विश्वास ठेवला, गड्या. तू कधी खोटं बोलत नाहीस म्हणून. व्हिडिओत मी तेच्या तेच शब्द सांगितले: दांडी आपोआप डावीकडं सरकते. एक अक्षर वाढवलं नाही. जन्मात पहिल्यांदा मी काहीतरी न फुगवता सांगितलं, आणि नेमकं तेच खोटं निघालं.

मग टॉवेल. मग चार आणि दोन.

जाताना पण तू धुसफुसत होतास. डबा खाल्लास, मला एक पुरी दिलीस. दारात म्हणालास, "चार दिलेलं. एक त्या दांडीसाठी कापला. दोन म्हंजे त्या मशीनवर अन्याय हाय. व्हिडिओ टाकू नगंस, सोमवारी येतो, परत दाबू." मी म्हणालो, "ये. येताना बोटं मोजून आण." आणि तू गेल्यावर अर्ध्या तासात व्हिडिओ टाकला. आपल्याआधी दुसऱ्या कुणी मराठीत टाकला तर? एवढाच विचार होता डोक्यात. एवढाच.

दोन दिवसांनी, रविवारी सकाळी तू अडतीवर हळदीचा नमुना बघता बघता खाली बसलास, ते उठलाच नाहीस. मी मिरजेच्या दवाखान्यात पोचलो तेव्हा तुला आत घेतलं होतं. डॉक्टर बाहेर आले. डोक्यात गाठ होती म्हणाले, काही महिन्यांची असावी, तीतून रक्त सुटलं. मग त्यांनी तिथं उभ्या असलेल्या आम्हा सगळ्यांना विचारलं, "अलीकडं डाव्या बाजूला काही त्रास जाणवला होता का? हाताला जोर कमी? वस्तू सुटणं?"

वहिनी भिंतीला टेकून उभ्या होत्या. कुणी काही बोलायच्या आत मी बोललो. माझं तोंड तुला माहीत आहे. "कसला त्रास डॉक्टर? घोड्यागत होता. एका हातानं हळदीचं पोतं उचलायचा." डॉक्टरांनी मान हलवली आणि आत गेले. पोतं तू एकदाच उचललं होतंस, दोन्ही हातांनी, लग्नाच्या आधी, आणि नंतर आठवडाभर कंबर धरून चालत होतास. तिथं मला छाटायला तू नव्हतास.

तेव्हा मला काही कळलं नव्हतं, हे पण खरं लिहितो. मुद्दाम लपवलं नाही. मला ते आठ दिवसांनी कळलं. तेही कसं, तर लोकांनी शिव्या घातल्या म्हणून. व्हिडिओखाली एकामागं एक लिहायला लागले: आमची दांडी सरळ चालते, तुम्ही मशीन बदनाम करताय, पारीसभाऊ असं बोलणार नाहीत, पारीसभाऊंना पुढं आणा. त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. मी सांगितलं नव्हतं.

म्हटलं, बघू तरी. दुपारी दुकानाचं शटर अर्धं ओढलं आणि मशीन लावलं. ते सुरू झालं की विचारतं ना, कोण खेळणार? पडद्यावर दोन चित्रं आली. एक माझं, मिशीवालं. एक तुझं, चष्म्याचं. मशीन वाट बघत होतं मी कुणावर बोट ठेवतो त्याची. मी माझ्यावर ठेवलं. तुझं चित्र कडेला सरकलं आणि तिथंच उभं राहिलं, विझलं नाही.

दांडी तपासायचा एक पडदा असतो. मधे गोल, गोलात एक ठिपका. कंट्रोलरला हात लावायचा नाही. दांडीत दोष असेल तर ठिपका आपोआप सरकतो. मी कंट्रोलर टेबलावर ठेवला, तोच, तुझ्या अंगठ्याखालचा, आणि हात मांडीखाली घालून बसलो. ठिपका मधोमध. पाच मिनिटं. दहा मिनिटं. बाहेर हायवेवर ऊस घेऊन ट्रॅक्टर चालले होते, टेबल हादरत होतं, कंट्रोलर हादरत होता, ठिपका हलत नव्हता. मशीन तापवलं. तास-दीड तास. ठिपका मधोमध.

मी त्या ठिपक्याला सरक म्हणालो. खरंच मोठ्यानं म्हणालो, "सरक की रं." सरकला असता तर एक तर मशीन खराब, नाहीतर तू खोलीत. दोन्हीतलं काहीही चाललं असतं मला. दुपार उलटेपर्यंत बसलो. एकदा वाटलं हलला. ते माझ्या डोळ्यांतलं पाणी होतं. हे छाटू नको, पारीस, हे जेवढं आहे तेवढंच आहे.

मग मी आपला व्हिडिओ काढला. आवाज बंद केला, कारण तुझा आवाज ऐकवणार नव्हता. टॉवेलाचं दृश्य आलं तिथं थांबवलं, मागं नेलं, एकेक चित्र पुढं सरकवत बघितलं. दुरुस्तीवाला आहे, बारीक बघायची सवय. तुझ्या हातावरचं कापड वर उचललं. एकदा. दोनदा. ठळक. मग तिसऱ्यांदा, अगदी मुंगी चालल्यागत. मग चौथ्यांदा, त्याहून कमी. तुझा चेहरा तेव्हा गंभीर होता, ओठ दाबलेले, परीक्षेत गणित सोडवताना असायचा तसा. जोर लावत होतास तू. चारही बोटांना जोर लावत होतास.

चार दाबलीस. माझ्यापर्यंत दोन पोचली. तू बरोबर होतास आणि मी पण खोटं बोलत नव्हतो, आणि मधे जे हरवलं ते मी माझ्या पंज्यात धरून बसलो होतो. जनावरांच्या बाजारात माझे वडील डोळे मिटून बोटांवरनं सांगायचे, समोरचा माणूस घाबरलाय, आजारी आहे, का घाईत आहे. मला त्यांनी ते शिकवलं होतं. मी तुझ्या बोटांतनं फक्त गुण मोजले.

तेव्हापासनं तुझा हात जात नाही. टीव्ही उघडताना, भाकरी मोडताना, उजव्या पंज्यात दोन जागी दाब लागतो आणि दोन जागी लागत नाही. न लागणाऱ्या दोन जागा जास्त जाणवतात. बायको म्हणते, हात शेकून घे. शेकला. शेतीच्या गेमात तुझं रान अजून आहे. तीन सऱ्या, तिन्ही डावीकडं वळलेल्या, जणू बांधापलीकडं कुणी हाक मारली आणि रान तिकडं बघायला लागलं. मी ते पुसलं नाही. त्यात काही पेरणार पण नाही.

व्हिडिओ काढून टाकला. नवा टाकलाय, एकट्याचा. त्यात सांगितलं की दांडी चांगली आहे, चूक आमची होती, पारीसनं या मशीनला पाचात चार दिले होते, आणि पारीस आता नाही. टॉवेल अंथरला नाही. एवढा सपक व्हिडिओ मी आजवर केला नव्हता. लोक म्हणाले, आवाज बसलाय का?

पण वहिनींना सांगायचं राहिलं होतं. तेच मला खात होतं. दवाखान्यात डॉक्टरांनी विचारलं तेव्हा मी पोत्याची गोष्ट सांगितली आणि त्यांनी ती ऐकली. त्या आता त्याच गोष्टीवर विसंबून असतील, की काही लक्षण नव्हतंच, कुणाला काही करताच आलं नसतं. ती गोष्ट तशीच ठेवायची की सांगायचं की लक्षण होतं, माझ्या हातात होतं, दोन दिवस आधी, आणि मी ते दोन गुण म्हणून सगळ्या महाराष्ट्राला ऐकवलं? उंब्रज ते सांगली रस्त्यावरनं मी चारदा अर्ध्यातून मागं फिरलो. हे वाढवून सांगत नाही. दोनदा. दोनदा फिरलो.

काल गेलो. तुमच्या अडतीवरच्या खोलीत वहिनी एकट्याच बसल्या होत्या, हळदीच्या वासात. पाणी दिलं. मी पाणी तसंच हातात धरलं आणि सुरू झालो. सगळं सांगितलं. सरी, दांडी, माझ्या हातात सरळ आणि तुझ्या हातात वाकडं, टॉवेल, दोन बोटं, थांबवून बघितलेलं कापड. पोतं खोटं होतं हे पण सांगितलं. एकदाही वाढवलं नाही. शेवटी म्हणालो, "वहिनी, मला कळाय पायजे हुतं. मशीनला दोष लावला मी. त्याच्या हाताकडं बघितलंच न्हाई. दोन दिवस आधी हातात हुतं माझ्या. मला काय बोलायचं ते बोला."

त्यांनी माझ्या हातातला पाण्याचा तांब्या घेतला, खाली ठेवला.

"मला म्हणले हुते दोनदा," त्या म्हणाल्या, "गाडी डावीकडं ओढतीया. मी म्हणले, टायर दावून घ्या."